फुकट ॲप, कुणाचा रिचार्ज?

शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या याद्यांचा पाऊस आहे. वर्ग रंजक करणारी दहा मोफत ॲप्स. दोन दिवसांनी वीस. आठवडा सरायच्या आत पन्नास. प्रत्येक यादीखाली तीच ओळ: जास्तीत जास्त शिक्षकांपर्यंत पोचवा.

आणि लेकरांपर्यंत कोण पोचवणार?

बीड जिल्ह्यात हा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी, केज. इथल्या कित्येक गावांत शाळेचं वर्ष जूनला सुरू होतं आणि दिवाळीला फाटतं. ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, टोळी ठरलेली असते, एक दिवस ट्रक दाराशी येतो. भांडीकुंडी, शेळी, कोंबड्या, धाकटं लेकरू, सगळं एकाच ट्रकमध्ये. पश्चिम महाराष्ट्रात, नाहीतर थेट कर्नाटकात. परत यायचं ते साखर कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलात.

पन्नासातलं कोणतं ॲप त्या ट्रकमध्ये बसतं?

आधी 'फुकट' या शब्दाचा हिशेब करू. ॲप फुकट. मोबाईल शिक्षकाचा. रिचार्ज शिक्षकाचा. प्रिंट काढायच्या तर पैसे शिक्षकाचे, लॅमिनेशन शिक्षकाचं. प्रोजेक्टर गावाच्या लोकवर्गणीचा, आणि त्याचा दिवा गेला की पुन्हा लोकवर्गणी.

तयारीचा वेळ रात्री साडेनऊनंतरचा. बाई असतील तर भांडी घासून झाल्यावरचा.

शिक्षकाच्या वेळेला किंमत लावायची पद्धत आपल्याकडे नाही. म्हणून ते ॲप फुकट दिसतं.

शिक्षकाचा तो एकुलता एक मोबाईल दिवसभर काय करतो तेही पाहा. सकाळी हजेरी, डिसेंबर २०२३ पासून ती चॅटबॉटवर भरायच्या सूचना आल्या. दुपारी पोषण आहाराची नोंद. मग सरल आणि यू-डायस या पोर्टलवरच्या नोंदी, आधार जुळणी, चाचणीचे गुण. कुठला दिन साजरा केला की फोटो. झाड लावलं की फोटो. फोटो वेळेत गेला नाही की आठवण करून देणारा मेसेज, आणि तो मोठ्या अक्षरांत.

शिकवण्यासाठी मोबाईल हातात घेईपर्यंत बॅटरी पंधरा टक्के.

उपक्रम झाल्याचा पुरावा म्हणून फोटो मागतात. मूल शिकल्याचा पुरावा कोण मागतं?

डिजिटल शाळांची लाट आठवते? २२ जून २०१५ रोजी 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय निघाला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत गावोगाव वर्गणी सुरू झाली. वर्षातले सहा महिने उसाच्या फडात काढणाऱ्या माणसानं शाळेच्या टीव्हीसाठी पाचशेची नोट काढून दिलेली मी पाहिली आहे. त्या नोटेचा मान ठेवूनच पुढचं लिहितो.

टीव्ही आला. नारळ फुटला. वर्षभर मुलं हरखून कविता ऐकत राहिली. मग विजेचं बिल थकलं आणि जोडणी तुटली. टीव्हीवर आता विणलेलं आच्छादन आहे. एकाच नाही, अनेक शाळांची ही गोष्ट आहे.

पाचशेची नोट देणाऱ्याला वाटतं, आपल्या पोराला आता सगळं येतं.

त्याला कोण सांगणार?

बीड शहरात रेल्वे यायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडावं लागलं. पिढ्या वाट पाहत म्हाताऱ्या झाल्या. मोबाईलनं इतका वेळ घेतला नाही. तो गाजावाजा न करता वस्ती-वस्तीवर पोचला. त्यामुळे 'खेड्यात मोबाईलच नाहीत' हे रडगाणं आता पुरे.

'असर' या शैक्षणिक अहवालाच्या २०२४च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वर्षांच्या मुलामुलींना विचारलं होतं. ८२ टक्के मुलं म्हणाली, स्मार्टफोन वापरता येतो. त्यातल्या ७६ टक्क्यांनी मागच्या आठवड्यात तो समाजमाध्यमांसाठी वापरला होता. अभ्यासाच्या कुठल्याही कामासाठी वापरणारे ५७ टक्के.

म्हणजे मोबाईल वापरणं शिकवायची गरजच नाही. मोबाईलवर शिकायचं कसं, एवढंच शिकवायचं राहिलंय.

आता यादीकडे वळू. तिच्यात सगळ्यात वर कहूट असतं. नॉर्वेचं, २०१३ पासून जगभरच्या वर्गांत चालतं. पडद्यावर प्रश्न, हातातल्या फोनवर चार रंग, मागे संगीत, घड्याळ उलटं पळतंय. बरोबर उत्तर जितकं लवकर, तितके गुण जास्त. मुलं अक्षरशः उड्या मारतात.

कोणती मुलं?

ज्यांना प्रश्न भरभर वाचता येतो ती. जे लेकरू एकेक अक्षर लावून वाचतं, त्याचा प्रश्न वाचून होईपर्यंत संगीत थांबलेलं असतं. त्याला वर्गात मागे बसायची सवय होतीच. आता ते गुणफलकावरही मागे. शिवाय प्रत्येकाच्या किंवा प्रत्येक गटाच्या हाती फोन लागतो तो वेगळाच.

वर्गात गोंधळ झाला म्हणजे मुलं रमली, आणि रमली म्हणजे शिकली. ही दोन 'म्हणजे' कुणी तपासलीत?

फुकटातली दुसरी गोम अशी की ते कधी बंद होईल याचा नेम नसतो. गुगलचा जॅमबोर्ड हा पडद्यावरचा फळा लॉकडाऊनच्या काळात कितीतरी शिक्षक रात्र-रात्र जागून शिकले. ३१ डिसेंबर २०२४ ला तो बंद झाला. मुलांना छोटे व्हिडिओ करून उत्तरं द्यायला लावणारं मायक्रोसॉफ्टचं फ्लिप, त्याचंही स्वतंत्र दुकान २०२४ मध्येच आवरलं. पॅडलेटवर फुकटात मोजकेच फलक, पुढे पैसे.

कंपनीनं दुकान बंद केलं तर कंपनीचं काय जातं? शिक्षकाच्या वर्षभराच्या रात्री जातात.

म्हणून आमच्या गावठी हिशेबानं फुकटाचे दोन प्रकार करावेत. एक, एकदा उतरवून घेतलं की आपलं झालं. दुसरा, रोज त्यांच्या दारात उभं राहायचं. पहिल्या प्रकारातली नावं यादीत खाली असतात. त्यांच्यात चमचम कमी असते.

फेट घ्या. अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठाचा हा प्रकल्प २००२ साली कार्ल वीमन यांनी सुरू केला. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. वायूचे रेणू भांड्याच्या भिंतीवर कसे आदळतात, तारेतून विद्युतप्रवाह कसा वाहतो, असल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी मुलांनी स्वतः हलवून पाहायच्या. बऱ्याच गोष्टी मराठीत आहेत. उतरवून घेतल्या की इंटरनेटशिवाय चालतात.

पण एक सांगतो. सेल, वायरचा तुकडा आणि टॉर्चचा बल्ब गावातल्या दुकानात मिळत असताना पडद्यावरचा बल्ब पेटवू नका. आधी खरा पेटवा. बोटाला चटका बसू द्या. मग तारेच्या आत काय चाललंय ते पडद्यावर दाखवा.

भूमितीसाठी जिओजेब्रा आहे. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ साली सुरू केलेलं. त्रिकोणाचा कोपरा बोटानं ओढला तरी तिन्ही कोनांची बेरीज १८० वरून हलत नाही, हे मुलाला दहा वेळा ओढून पाहू द्या. पाठ करायला लागत नाही.

आणि दीक्षा. ५ सप्टेंबर २०१७ ला सुरू झालेलं सरकारी व्यासपीठ. पुस्तकातले क्यूआर कोड तिथेच नेतात. पुस्तकात कोड छापायची कल्पना वर्गात उतरवणारे रणजितसिंह डिसले सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवत होते. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, दहा लाख डॉलरचा, आणि त्यातले निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटले. मराठी शाळेतल्या मास्तरनं जगाला दाखवलेलं हे मन मला त्या कोडहून मोठं वाटतं.

कोड आता राज्यभर पुस्तकात आहे. पुस्तक मुलाच्या दप्तरात आहे. कोड वाचणारा फोन मात्र बापाच्या खिशात, आणि बाप फडात.

हीच गोष्ट २०२० मध्येही घडली होती. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' अशी घोषणा होती. सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायची, चांगली मालिका होती. व्हॉट्सॲपवर 'स्वाध्याय'चे प्रश्न यायचे. घरात एकच फोन, बापाबरोबर गेलेला. मागे राहिलेल्या लेकराजवळ आजी, आणि आजीजवळ बटणांचा फोन. त्यावर लिंक उघडत नाही, तो फक्त वाजतो.

तेव्हाच धडा घ्यायला हवा होता. घेतला का?

आता वर्गात येऊ. गावाचं आणि शाळेचं नाव लिहीत नाही. पाटोद्याकडच्या डोंगरपट्ट्यातली वस्तीवरची दोनशिक्षकी शाळा. दसरा नुकताच झालेला. चौथीच्या वर्गात बावीस मुलं. मॅडमनी फळ्यावर प्रश्न लिहिला: ३/४ आणि ३/५ यांत मोठा कोणता? चार पर्याय दिले. पहिला मोठा, दुसरा मोठा, दोन्ही सारखे, सांगता येत नाही.

"हात वर करा."

पाच हात. रोजचेच पाच.

मग मॅडमनी कपाटातून बुटांचं रिकामं खोकं काढलं. त्यात पुठ्ठ्याला चिकटवलेली चौकोनी कार्डं. प्रत्येकावर काळ्या ठोकळ्यांची वेगळी नक्षी, कोपऱ्यात नंबर. कार्डाच्या चार कडांना बारीक अक्षरांत ए, बी, सी, डी. प्रत्येक मुलाचं कार्ड ठरलेलं. आपलं उत्तर ज्या कडेला असेल ती कड वर करायची आणि कार्ड छातीशी धरायचं. शेजाऱ्याचं कार्ड पाहून काही कळत नाही, कारण नक्षी वेगळी आणि अक्षर बारीक.

मॅडमनी स्वतःचा मोबाईल वर्गावरून डावीकडून उजवीकडे फिरवला. दहा सेकंद. कॅमेऱ्यानं बावीस उत्तरं वाचली. याचं नाव प्लिकर्स. कार्डं फुकट छापून मिळतात. मुलांच्या हाती फोन नको, संगीत नको, घड्याळ नको.

बावीसपैकी तेरा जणांनी ३/५ मोठा म्हटलं होतं. पाच मोठे ना चारापेक्षा! हात वर करणाऱ्या पाचांतल्या दोघांचंही उत्तर तेच होतं.

रोजच्या पद्धतीनं काय झालं असतं? पाचांतल्या एकानं बरोबर सांगितलं असतं. मॅडम "शाबास" म्हणाल्या असत्या. धडा पुढे गेला असता. आणि तेरा लेकरं तिथेच राहिली असती, पुढची कित्येक वर्षं.

मॅडमनी मोबाईल टेबलावर उलटा ठेवला. फळ्यावर दोन भाकरी काढल्या. "ही चौघांत वाटली, ही पाच जणांत. कुठल्या घरात पोट जास्त भरंल? शेजाऱ्याशी बोला."

वर्गात कल्ला झाला. पहिल्या रांगेतला चौदा नंबर, त्याला अर्जुन म्हणू, शेजारणीशी तावातावानं भांडला. त्याचं म्हणणं, पाच जण म्हणजे भाकर मोठी असंल. शेजारीण म्हणाली, "येड्या, भाकर तेवढीच हाय, खाणारं तोंड वाढलं." मॅडमना त्याहून चांगलं समजावता आलं नसतं, असं त्याच मला नंतर म्हणाल्या.

पुन्हा कार्डं वर. यावेळी चुकीची तीन.

एक मोबाईल, बावीस पुठ्ठे, आणि वर्गातल्या प्रत्येक लेकराला विचारलं गेलं. यादीतल्या बाकीच्या एकोणपन्नासांनी याच्याशी तुलना करून दाखवावी.

आता पुठ्ठ्याचं कौतुक करताना एक गोष्ट झाकत नाही. आपल्याकडे पाटी होती. "पाट्या वर" म्हटलं की सगळ्यांची उत्तरं दिसायची. पाटीला चार्जिंग लागत नव्हतं. फक्त एक व्हायचं. हुशार पोराची पाटी दिसली की बाकीचे थुंकी लावून आपलं उत्तर पुसायचे आणि त्याचं लिहायचे. कार्डानं ती पळवाट बंद केली. फरक एवढाच, पण तो मोठा आहे.

आणि खरं काम कार्डानंही केलं नाही. ते केलं भाकरीवरच्या भांडणानं. हार्वर्डमध्ये एरिक मझूर या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकानं १९९१ पासून हेच चालवलं. प्रश्न विचारायचा, प्रत्येकानं उत्तर द्यायचं, शेजाऱ्याशी वाद घालायचा, पुन्हा उत्तर द्यायचं. पुढे उत्तरं टिपायला महागडी क्लिकर यंत्रं आली. मग कॅनडात नॅथॅनिएल लॅझ्री यांनी एका गटाला यंत्रं दिली, दुसऱ्याला साधी कार्डं. २००८ साली त्यांनी निष्कर्ष छापला: शिकण्यात फरक नाही. यंत्रानं शिक्षकाला आकडे पटकन मिळाले, मुलांचं डोकं चाललं ते वादामुळे.

हे कुठल्या प्रशिक्षणात सांगतात? तिथे लॉगिन कसं करायचं ते सांगतात. दुपारपर्यंत निम्म्यांचा पासवर्ड चुकलेला असतो, मग चहा, मग फोटो.

दिवाळीनंतर मी त्याच शाळेत पुन्हा गेलो. बावीसातली नऊ मुलं गेली होती. सहा जणं मागे राहिलेली, हंगामी वसतिगृहाच्या यादीतली. म्हणजे आई-बाप फडात, मूल आजीकडे किंवा मावशीकडे, दोन वेळचं जेवण शाळेत. उरलेली सात मुलं शेतकऱ्यांची, दुकानदाराची, एक अंगणवाडीताईची.

खोकं कपाटात होतं. आत नऊ कार्डं रबर लावून वेगळी ठेवलेली. सगळ्यात वर चौदा नंबर.

अर्जुनचं काय? त्याला धाकटी बहीण आहे, दीड वर्षाची. आई ऊस तोडणार, मोळ्या बांधणार, डोक्यावर घेऊन गाडी भरणार. बहिणीला सांभाळायला अर्जुन. चौथीतलं लेकरू तिकडे कामाला नसतं असं कागद म्हणतो. खोपीसमोर बहिणीला कडेवर घेऊन बसणं हे काम नाही का?

तो जाताना शाळेनं शिक्षण हमी कार्ड दिलं. ते दाखवलं की तिकडच्या शाळेत बसता येतं. हेतू चांगलाच आहे. पण फडापासून शाळा लांब. कर्नाटकात गेलं तर फळ्यावर कन्नड. आणि जवळ मराठी शाळा मिळाली तरी तिथल्या गुरुजींना हे पोरगं अपूर्णांकात कुठे अडलं होतं ते कसं कळणार?

ही माहिती प्लिकर्समध्ये आहे. मॅडमच्या वहीत आहे. मुलाच्या नावाचा सरकारी नंबरही आहे, आणि त्या नंबरापुढे जात आहे, जन्मतारीख आहे, आधार आहे. 'भागाकार येतो, अपूर्णांकात अडतो' एवढी एक ओळ त्या नंबराबरोबर तिकडच्या मास्तरच्या मोबाईलवर जायला कोणतं तंत्रज्ञान कमी पडतंय?

तंत्रज्ञान कमी पडत नाही. ही ओळ कुणी मागितलेलीच नाही.

सरकारनं या मुलांसाठी काहीच केलं नाही असं म्हणणारा मी नाही. २०२१ साली संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर झाली, ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी, ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं. मूल मागे राहिलं, त्याला जेवण आणि डोक्यावर छप्पर मिळालं, तर वर्गातलं कुठलंही ॲप कामाचं. मूलच नसेल तर ॲप कुणासाठी? म्हणून माझ्या यादीत पहिल्या नंबरावर वसतिगृहाचं स्वयंपाकघर आहे. दुसऱ्यावर शाळेचं वीजबिल.

तिसऱ्यावर जे आहे ते मॅडमनी दाखवलं.

त्या रोज रात्री नऊच्या सुमाराला तीन मिनिटांचा आवाज पाठवतात. व्हॉट्सॲपवर, फडात गेलेल्या नऊ घरांना. कधी गोष्ट, कधी पाढा, कधी एक प्रश्न. व्हिडिओ नाही, कारण तिकडे रेंज अर्धी आणि डेटा मोजून. आवाज मात्र पहाटेपर्यंत कधी ना कधी उतरतो. खोपीत वीज नसते. फोन चार्ज होतो तो ट्रॅक्टरच्या बॅटरीवर, नाहीतर रस्त्यावरच्या हॉटेलात चहा घेतला तर. म्हणून तीनच मिनिटं.

मुलांनी वाचून दाखवायचं आणि तो आवाज परत पाठवायचा. एक मी ऐकला. अर्जुनचा. पुस्तक मांडीवर असणार, कारण पान उलटल्याचं ऐकू येतं. मागे जाळाचा तडतडाट. भाकरी थापल्याचा आवाज, एका लयीत. मधेच बहीण रडायला लागते, वाचन थांबतं, "गप गं, मॅडम ऐकायल्यात," आणि वाचन पुन्हा त्याच शब्दावरून. दोन मिनिटं चाळीस सेकंद. त्यात आठ चुका होत्या, मॅडमनी मोजल्या होत्या. आदल्या महिन्यात अठरा.

हे साधन कुठल्या यादीत आहे?

मागे राहिलेल्या सहा मुलांसाठी मॅडमनी आपल्या जुन्या, काच तडकलेल्या मोबाईलवर गुगलचं 'रीड अलाँग' टाकलंय. मूल मोठ्यानं वाचतं, फोन ऐकतो, अडलेला शब्द वाचून दाखवतो. मराठीत आहे आणि गोष्टी उतरवून घेतल्या की इंटरनेट लागत नाही. संध्याकाळी वसतिगृहाचं जेवण व्हायच्या आधी एकेकाला दहा मिनिटं. याचा खरा फायदा वेगळाच आहे. चुकलं तर हसणारं कुणी नसतं. चौथीतल्या पोराला दुसरीचा धडा वर्गासमोर वाचायची लाज वाटते. फोनसमोर वाटत नाही.

पण तो फोन मॅडमचा. तडकलेली काच बदलायची तर पैसेही त्यांचेच. गटशिक्षणाधिकारी कार्यालयापासून मंत्रालयापर्यंत कुणाच्या तरी अंदाजपत्रकात 'शिक्षकाचा रिचार्ज' हे शीर्षक यायला काय हरकत आहे? शिकवण्यासाठी खडू सरकार देतं. आजचा खडू हा आहे.

आणि मॅडमची बदली झाली तर? खोकं राहील, फोन जाईल. रात्री नऊचा आवाज बंद होईल. नऊ घरांत कुणी तक्रारही करणार नाही, कारण तक्रार करायची सवय त्या घरांना नाही. एका बाईच्या जिवावर चालणाऱ्या गोष्टीला आपण 'उपक्रमशील शिक्षिका' म्हणून शाल देतो आणि मोकळे होतो. शाल नको. महिन्याचा रिचार्ज द्या, शाळेच्या नावानं एक फोन द्या, आणि फोटो मागणं निम्म्यावर आणा.

एवढं जमेल?

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी पुन्हा गेलो. पट्टा पडला होता. गावात ट्रक आले होते, दारांवरची कुलपं निघाली होती. वर्गात नऊपैकी सात मुलं परत आलेली. रंग रापलेला, केस वाढलेले. एक मुलगी आली नव्हती, तिचं कुटुंब अजून तिकडेच होतं. एका मुलाबद्दल कुणाला काही सांगता आलं नाही.

अर्जुन दारात उभा. दप्तर तेच. आत यायच्या आधी त्यानं विचारलं,

"मॅडम, मपलं कार्ड हाय का अजून?"

मॅडमनी खोकं काढलं. रबर सोडलं. चौदा नंबर त्याच्या हातात दिला. त्यानं शर्टाला पुसून घेतला.

फळ्यावर प्रश्न होता: २/३ आणि २/५ यांत मोठा कोणता? कार्डं वर झाली. मॅडमनी मोबाईल डावीकडून उजवीकडे फिरवला. चौदा नंबरासमोर पाच महिन्यांनी रंग आला. लाल.

"शेजारणीला विचार," मॅडम म्हणाल्या, "आन् परत वर कर."